ओतून झाल्यावर

१८ जानेवारी. माझ्या नवऱ्याच्या आतेभावाच्या, डब्लिन विमानतळाजवळच्या सँट्रीतल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर रिकामं करायचं होतं, म्हणून खोकी आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन सकाळीच जाऊन धडकले. भाऊजी निवृत्त होऊन नागपूरला परत निघाले होते आणि सामान नेणारे परवा यायचे होते. या गृहस्थांइतकं थंडीवर जीव टाकणारं माणूस नागपूरने दुसरं जन्माला घातलेलं नाही. भर जानेवारीत खिडकी सताड उघडी. मी कोट घालून कपबश्या गुंडाळत होते आणि भाऊजी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, हवा काय मस्त सुटली आहे नं वहिनी, म्हणत होते.

त्यांचं आयुष्य गेलं सिमेंटमध्ये. घरांच्या नव्हे, तेलविहिरींच्या, आणि त्याही बारा महिने गोठलेल्या जमिनीतल्या. विहिरीत लोखंडी पाइप सोडतात आणि पाइप व जमीन यांच्यामधल्या फटीत सिमेंट ओततात. साधं सिमेंट तिथे घट्ट व्हायच्या आधीच गोठतं आणि पुढे त्याचा भुगा होतो. गरम करून ओतावं, तर भोवतीची बर्फाळ जमीनच वितळते आणि पाइप लटपटायला लागतो. म्हणून जिप्सम वगैरे घालून असं मिश्रण करायचं, की ते थंडीतच पटकन धरेल आणि स्वतः फारसं तापणार नाही. हे मला ठाऊक आहे कारण आमच्याकडच्या रविवारच्या जेवणात वरणभाताबरोबर नेहमी हेच वाढलेलं असायचं. ऐकता ऐकता माझ्या हातातला घास मात्र तसाच राहायचा. ओतून झालं की यंत्रं थांबतात, माणसं थांबतात, पाइपला कोणी बोटही लावत नाही, असं ते सांगायचे. बाहेर पांढरं मैदान आणि पांढरं आभाळ, मध्ये रेघसुद्धा नाही. सूर्य दुपारी कडेला येऊन डोकावतो आणि निघून जातो. आणि खाली, खूप खाली, लोखंड आणि जमीन न बोलता एकमेकांना धरत असतात.

तिथून ते डब्लिनच्या एका प्रयोगशाळेत आले. तिथल्या शीतकपाटावर सुट्टीच्या दिवशी त्यांचा विश्वास नसे, म्हणून सिमेंटचे नमुने माझ्या फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या डब्यात. एका गणपतीत कोणीतरी तो डबा काढून प्रसादाशेजारी ठेवला. पांढऱ्या, चौकोनी, दिसायला अगदी नारळाच्या वड्या. चेरीवूडच्या एका ऑफिसात काम करणाऱ्या एका सज्जन मुलाने एक उचलली, घरी जाऊन खातो म्हणून रुमालात बांधून नेली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून, वडी छान झाली होती काकू, असंही सांगितलं. भाऊजींना त्या मुलाच्या दातांची काळजी नव्हती. नमुना वेळेआधी हलवला याचं दुःख ते दिवाळीपर्यंत करत होते.

आमच्या मागच्या दाराची पायरी त्यांनी दुरुस्त करून दिली, तेव्हा समोर खुर्ची टाकून दिवसभर राखण केली. कपडे वाळत घालायला मला पुढून वळसा घालून जावं लागलं. झालं का, झालं का, म्हणून मी डोकावत होते. शेवटी म्हणाले, "सिमेंट म्हणजे पाहुणा नाही नं वहिनी, सारखं जाऊन काय हवं-नको विचारायला." माझी मुलं आयरिश इंग्रजीत म्हणाली, की युअर मॅन, म्हणजे हा बाबा, पायरीला जोजवतोय. तेही बसल्या बसल्या खरंच गुणगुणत होते.

त्यांची एकुलती एक मुलगी कॉर्कजवळ रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात आहे. तिची आई गेली तेव्हा भाऊजी बर्फाच्या वादळात विहिरीवर अडकले होते. विमान उडालं नाही आणि ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगी भांडली नाही. फक्त त्यानंतर कशी आहेस म्हटलं की 'ग्रँड', म्हणजे मजेत, एवढंच म्हणायची. या नाताळात तिच्याकडे गेले असताना भाऊजींनी एकदाच विचारलं, की नागपूरला जाण्याऐवजी तुझ्या जवळपास राहायला आलो तर चालेल का. ती म्हणाली, विचार करते. तेव्हापासून त्यांनी तो विषय काढलेला नव्हता.

माझ्यासारखीने हे कसं सोसावं? कढई गुंडाळता गुंडाळता मी म्हटलं, "भाऊजी, परवा गाडी येणार. आज तरी फोन करा. नाहीतर मी करते."

"नका करू," ते म्हणाले. "मला जे ओतायचं होतं ते ओतून झालं. आता ढवळलं तर तडा जाईल."

"आणि धरलंच नाही तर?"

"तर नागपूर."

हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की मी कढई खाली ठेवली. मग दोघं डबे पुसत राहिलो. खिडकीतून बारीक पाऊस आत येत होता, विमानं ढगात शिरून नाहीशी होत होती, आणि मला उगीच वाटलं की मीही त्या पांढऱ्या मैदानावर उभी आहे.

दुपारी तिचा फोन आला. भाऊजींचे हात ओले, म्हणून मीच स्पीकर लावला. इकडचं तिकडचं काही नाही. इंग्रजीत म्हणाली, की तिच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं घर भाड्याने निघालंय, आज-उद्यात बघायला हवं. मग थांबली आणि मराठीत म्हणाली, "बाबा, येशील का?"

"येतो," भाऊजी म्हणाले. फोन बंद झाल्यावर ते खोक्यावर बसले आणि आधीच कोरडी झालेली एक बशी पुसत राहिले. मी पाठ फिरवून ओटा घासायला घेतला. तो मी सकाळीच घासला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामानवाल्यांना नको म्हणून कळवलं आणि भाऊजींना गाडीत घालून कॉर्कला नेलं. मुलगी त्या भाड्याच्या घरासमोर रस्त्यातच उभी होती. मिठी वगैरे कोणी मारली नाही. तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, एवढंच. काकू, चहा घेऊन जा, म्हणाली. मी नको म्हटलं आणि गाडी वळवली. आरशात दोघं त्या बंद घराच्या काचेला हाताचे आडोसे लावून आत काय आहे ते बघत होते. वळणावर दिसेनासे झाले. पुढे धुकं होतं, मी सावकाश निघाले.