सादळलेल्या खुंट्या

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून ड्रिलचा आवाज आला, तर आता कुणी मान वर करून बघत नाही. सुरुवातीला बघायचे. मग एकदा खालचे गृहस्थ दुपारची झोपमोड होते म्हणून तावातावाने वर गेले आणि येताना स्वतःच्या घरच्या डुगडुगत्या स्टुलाचा पाय पक्का करून घेऊन आले. शालनबाई रणपिशांकडे तक्रार घेऊन गेलेला माणूस बहुधा आपलंच काहीतरी दुरुस्त करून घेऊन परततो. कधी ते स्टूल असतं, कधी बोलण्याची पद्धत.

बाईंची सगळी नोकरी खडकीच्या फॅक्टरीत, तपासणी विभागात गेली. कारखान्यातून आलेला भाग मापाच्या गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका. त्या ठिपक्याला भलेभले फोरमन टरकून असत. केसाएवढा तर फरक आहे, असं कुणी काकुळतीला येऊन म्हणालं की बाई शांतपणे विचारायच्या, केस कुणाचा? घरीही तोच खाक्या. मुलाने, सौरभने, पूर्वाला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा बाई तिच्याशी भरपूर वेळ बोलल्या, तिला चहा दिला, आणि ती गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "पास." पोपटरावांना, म्हणजे यजमानांना, हे प्रमाणपत्र अद्याप मिळालेलं नाही. आमचं इन्स्पेक्शन अजून चालू आहे, असं ते स्वतःच सांगत फिरतात. त्यांची हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली, त्यामुळे कुठल्याही प्रसंगी कमीत कमी शब्दांत समोरच्याला जागा दाखवण्याची कला त्यांच्याकडे आहे.

निवृत्तीनंतर बाईंच्या घरी सुतार आला आणि त्याने स्वयंपाकघरातलं कपाट असं बसवलं, की दार सोडलं की ते आपोआप उघडायचं. बाईंना ते बघवेना. त्यांनी करवत, रंधा आणि ड्रिल आणून ते कपाट स्वतः सरळ केलं, आणि तिथून त्यांना लाकडाचा नाद लागला. लोखंड आयुष्यभर नुसतं तपासलं होतं. काहीतरी आपल्या हाताने करून बघण्याची गोडी त्यांना उतारवयात कळली, आणि ती उशिरा कळल्याबद्दल त्यांना जगाचा रागही यायचा.

मग उजवा हात थरथरायला लागला. मांडीवर ठेवला तर शांत असायचा. काही धरायला, उचलायला गेला की सुरू. जिवाला धोका नाही पण हे जाणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. कपातला चहा बशीत सांडू लागला तेव्हा त्यांनी उंच पेला घेतला आणि विषय संपवला.

विषय संपला नाही तो विहारात. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं, आणि पहिल्या दिवसाचं वाचन कित्येक वर्षं शालनबाईंकडे असे. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. शेवटच्या रांगेतल्या ऐकू न येणाऱ्या आजीसुद्धा मान डोलवायच्या. गेल्या वर्षी ग्रंथ ठेवायला पत्र्याचं घडीचं टेबल होतं. बाईंनी सवयीप्रमाणे ओळीवर बोट ठेवलं, बोट थरथरलं आणि टेबल वाजायला लागलं. खडखड, खडखड. शेजारी माईक. सगळं विहार ते ऐकत होतं आणि ऐकत नसल्यासारखं करत होतं. एका वाक्याच्या मध्यावर बाई थांबल्या, ग्रंथ पूर्वाच्या हाती दिला आणि मागे जाऊन बसल्या. कुणी काही बोललं नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

यंदा विहाराचे सचिव अनिरुद्ध यांनी बैठकीत हळूच सुचवलं, की या वेळी पहिलं वाचन पूर्वालाच देऊ, आपणही आता आराम करा. बाई म्हणाल्या, पहिलं वाचन मीच करणार, आणि मेजही माझंच असेल. लाकडाचं, जड, एकही खिळा नसलेलं. अनिरुद्ध यांनी तयार टेबल विकत घेण्याचा पर्याय काढला. बाई त्यांच्याबरोबर दुकानात गेल्यासुद्धा. एका चकचकीत टेबलाच्या कोपऱ्यावर तळहात टेकवून त्यांनी जरा हलवून बघितलं, खाली वाकून स्क्रू बघितले, आणि दुकानदारासमोरच सांगितलं, की हा भुसा दाबून केलेला माल आहे, दोन पावसाळ्यांत हेही वाजायला लागेल. अनिरुद्ध यांनी दुकानदाराची क्षमा मागितली.

सौरभला हे पटलं नव्हतं. थरथरत्या हातात ड्रिल म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं त्याचं स्पष्ट मत होतं. खरं तर बाईंनाही एक अडचण होतीच. ड्रिलचं टोक लाकडावर टेकवलं की ते नाचायचं आणि भोक भलतीकडेच पडायचं. म्हणून हत्यारं काही महिने पलंगाखाली गेली होती. ती बाहेर काढली पूर्वाने. "आई, तुमच्या फॅक्टरीत जिग असायचं ना, तसं वूडवर्किंगसाठी पण मिळतं," ती म्हणाली. "मी ऑर्डर करते. नाही आवडलं तर रिटर्न करू."

आलं ते अ‍ॅल्युमिनियमचं मुठीएवढं अवजार. फळीच्या कडेला ते अडकवून घट्ट आवळायचं. त्यात पोलादी नळ्या बसवलेल्या. ड्रिल त्या नळीतून घातलं की ते सरळच जातं, कारण दुसरीकडे जायला वाटच नसते. दोन्ही लाकडांना समोरासमोर अशी भोकं पाडायची, त्यांत सरस लावून लाकडी खुंट्या बसवायच्या आणि सांधा आवळून ठेवायचा. बाहेरून बघणाऱ्याला जोड कशाने धरलाय ते दिसतही नाही. बाईंनी जिग हातात घेऊन व्हर्नियर मापपट्टीने त्याच्या नळ्या मोजल्या आणि ते परत पाठवायचं नाही असं ठरलं.

ऐन मे महिन्यात त्यांनी टिंबर मार्केटातून जुन्या चौकटींचं सागवान आणलं. पाय कापले, आडव्या पट्ट्या कापल्या, वरची फळी रंधली. प्रत्येक तुकड्याच्या दर्शनी बाजूला पेन्सिलीची खूण केली, आणि भोकं पाडताना जिगची एकच बाजू कायम त्या खुणेकडे ठेवली. एक तुकडा एका बाजूने आणि दुसरा उलट्या बाजूने मोजला की भोकं जन्मात समोरासमोर येत नाहीत. खुंट्या तयार आणल्या होत्या, अंगावर बारीक रेघा असलेल्या. त्यांतली एकेक खुंटी मापून, भोकात घालून, काढून पाहिली. अलगद जात होती, ओढली तर चिकटून येत होती. बाईंनी सगळ्यांना पास केलं, पिशवीत घालून पिशवी बाल्कनीतल्या कोनाड्यात ठेवली, आणि पाय न् पट्ट्या बैठकीच्या खोलीत उभ्या करून ठेवल्या. आता नुसतं जोडायचं उरलंय, पौर्णिमेच्या आठवड्यात जोडू, असं म्हणून त्या आंब्यांच्या मागे लागल्या.

पौर्णिमा तोंडावर आली. बाहेर पाऊस दिवसरात्र लागलेला. एका रविवारी सकाळी बाईंनी जुनी चादर अंथरली, सरस काढला आणि पहिली खुंटी भोकावर टेकवली. ती जाईना. दुसरी घेतली. तीही टोकावर अडून बसली. बाईंनी आधी दुकानदाराला नावं ठेवली, मग खुंट्या करणाऱ्या कंपनीला, मग जिगला. पोपटराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." बाईंनी लक्ष दिलं नाही. लहान हातोडी घेतली, खुंटी भोकावर धरली आणि एक ठोका दिला. दुसऱ्या ठोक्याला पट्टीच्या टोकातून कट्ट असा आवाज आला आणि एक बारीक तडा सरळ मधोमध धावला.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कामावर लाल ठिपके ठेवणारी बाई स्वतःच्या हातातल्या फुटक्या पट्टीकडे बघत बसली होती. तिने व्हर्नियर मागितलं. ते धरायला हात एवढा थरथरत होता, की माप पूर्वानेच वाचून सांगितलं. खुंट्या फुगल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. लोखंडाचं माप मेमध्ये घेतलं तरी ते जुलैत तेच राहतं. लाकडाचं राहत नाही, हे सबंध नोकरीत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्याची गरजच पडली नव्हती. सौरभ खाली बसला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला, "आई, राहू दे आता. मी अनिरुद्धकाकांना फोन करतो, ते टेबल बघतील. वाचन काय, पूर्वा करेल." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही, पुसलंही नाही.

तेवढ्यात पोपटरावांनी पेपर खाली ठेवला. एक खुंटी उचलली, पापड कुरकुरीत आहे का बघतात तशी दोन बोटांत दाबून बघितली, आणि म्हणाले, "सादळल्यात त्या. तव्यावर टाक."

ते थट्टेनेच म्हणाले होते. या घरात पावसाळ्यात पापड सादळतात, कुरमुरे सादळतात, पोपटरावांच्या मते सूनसुद्धा ऑफिसातून येते तेव्हा थोडी सादळलेलीच असते, आणि सगळ्यांवर इलाज एकच: मंद आचेवर गरम करणं. पण बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि तवा ठेवला.

पुढचा तासभर रणपिशांच्या स्वयंपाकघरात लाकडाच्या खुंट्या भाजल्या जात होत्या. पोपटराव उलथन्याने त्या परतत होते. करपवू नका, असं बाई बजावत होत्या, आणि ते, मी गेली कित्येक वर्षं तुझी बोलणी खाऊन करपलो नाही, असं उत्तर देत होते. थोड्या थोड्या वेळाने पूर्वा एक खुंटी निवू द्यायची आणि मापायची. हळूहळू माप उतरलं. अखेर बाईंनी एक खुंटी घेऊन भोकात घातली. ती अलगद आत गेली. बाईंनी ती ओढली, चिकटून आली. निवालेल्या खुंट्या स्टीलच्या डब्यात तांदळावर ठेवून वर घट्ट झाकण लावलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की आता या खुंट्या सरस पितील आणि हवेतली ओलही धरतील, आणि भोकाच्या आतच फुगून बसतील. मग पुढे त्या कुणाच्या बापाला उपटता यायच्या नाहीत. त्या हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

फुटलेल्या पट्टीच्या जागी मात्र नवी हवी होती. लाकूड उरलेलं होतं. बाईंनी ते कापलं, रंधलं, खूण केली आणि जिग आवळलं. आजवर सौरभने त्यांना हे करताना कधी नीट पाहिलं नव्हतं. तो आवाजानेच दुसऱ्या खोलीत जायचा. आज तो शेजारी उभा राहिला, हात पुढे करून, म्हणजे काही झालं तर धरायला. बाईंनी ड्रिल उचललं. हात थरथरत होता, ड्रिलचं टोक हवेत गिरक्या घेत होतं. सौरभ पुढे सरकला. टोक नळीत शिरलं आणि गिरक्या थांबल्या. ड्रिल सरळ खाली गेलं, खोलीची खूण म्हणून त्यावर गुंडाळलेल्या लाल चिकटपट्टीपर्यंत, आणि तितकंच सरळ वर आलं. भुशाची छोटी रास पडली. सौरभने हात मागे घेतले आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं. "पुढचं घे," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत मेज जोडून आवळून ठेवलं होतं.

पौर्णिमेला विहार भरलं होतं. पांढऱ्या साड्या, दाराशी छत्र्यांचा ढीग, ओल्या चपलांचा वास. मेज समोर होतं, वर पांढरं वस्त्र, त्यावर ग्रंथ. अनिरुद्ध यांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याचा कोपरा धरून हलवून पाहिला, आणि नंतर दोन्ही हातांनी पाहिला. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं. शालनबाई मेजामागे बसल्या आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

आवाज तोच होता. सौरभ मात्र शब्द ऐकत नव्हता, तो बोट बघत होता. बोट ओळीवर होतं आणि थरथरत होतं, गेल्या वर्षीपेक्षा जरा जास्तच. पान फडफडत होतं. बाईंनी डावा तळहात मेजावर पसरून ठेवला. माईकमधून त्यांचा आवाज येत होता, आणि बाहेरचा पाऊस. गेल्या वर्षी जिथे त्या थांबल्या होत्या ते वाक्य आलं. पूर्वाने सौरभचं मनगट धरलं. बाईंनी क्षणभर वर पाहिलं, सगळीकडे एक नजर फिरवली, ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून घेतलं आणि पूर्णविरामापर्यंत नेलं.

मग पुढचं घेतलं. त्यांचा भाग संपला तरी त्या वाचत राहिल्या. अनिरुद्ध यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि वर चढलेली बाही ओढून घड्याळ झाकून टाकलं. शेवटच्या रांगेतल्या आजी मान डोलवत होत्या.

घरी येताना छत्रीखाली पोपटरावांनी विचारलं, "मग, मी झालो का पास?"

बाईंनी थरथरता हात त्यांच्या दंडात अडकवला. "पावसाळा संपला की सांगते," त्या म्हणाल्या. "पाऊस अजून आहे, तोवर कुठलंच माप धरता येत नाही."