मांडवातली चाचणी

शेळ्या विकायची वेबसाइट काढणारे आमचे मामा माझे सख्खे मामा नाहीत; सगळेच त्यांना मामा म्हणतात, आणि मी त्यांच्या साइटचं काम बघतो. नवी वस्तू दिसली की तिच्या पाठीवरून हात फिरवतात. माझ्या लॅपटॉपवरूनही फिरवतात.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर साधं, स्टँडर्ड घ्यायचं की मोठं, महागडं एंटरप्राइझ, हे त्यांनी मला विचारलं. मी मोठंच सांगितलं. खरं सांगतो, गरज तपासलीच नव्हती. बकरी ईदच्या गर्दीत साइट बंद पडली तर बोल माझ्यावर येईल, एवढीच भीती.

"आता बगा साहेब, बैल जुपून बघितल्याबिगर घेतेत का?" मामा म्हणाले.

मग स्टँडर्डच बसवून पाहिलं. देवगाव फाट्याला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. शेवटची अक्षता पडली आणि मामांनी भटजींचा माइक घेतला. "पावण्यांनो, ईदलाबी एवढी गर्दी नसती! सगळेजण आमची साइट एकदम उघडा. न्हाई उघडली तर ह्या साहेबाला जेवाय वाढू नका!"

सगळा मांडव मोबाइलवर वाकला, नवरानवरीसुद्धा.

"अगं बाई, ही तर आपली शेळी!" कोपऱ्यातून एक आजी ओरडली. साइट सगळीकडं उघडली होती.

मी माइक मागून घेतला. "स्टँडर्डच पुरे. मला माहीत नव्हतं, मी भ्यालो होतो म्हणून मोठं सांगितलं."

"भ्याले तर भ्याले!" मामा हसले. "वाढा रं साहेबाला, जिलबी दुप्पट!"