अक्कांना सल्ला द्यायला मनाई

माझे यजमान गेले त्या वर्षी राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत मला दोन गोष्टी न मागता मिळत. दुपारचं ताक आणि सल्ले. ताक शेजारच्या अक्का पाठवायच्या. सल्लेही बहुतेक त्यांचेच असायचे.

अक्कांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेलं. घरात मराठीच, पण ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, ह्या कानडी शब्दांवाचून त्यांचं वाक्य पुरं होत नसे. भाजीवाल्याला भाजी कशी रचावी, रिक्षावाल्याला कुठून वळावं आणि डॉक्टरला कोणतं औषध द्यावं, हे त्या सारख्याच मायेनं सांगत. आमच्याकडे भेटायला आल्या तेव्हा पाचव्या मिनिटाला म्हणाल्या, “वहिनी, गॅसचं पुस्तक आधी तुमच्या नावावर करून घ्या.” मी रडत होते, तरी मला पटलं. त्यांचे सल्ले बरोबर निघत, हीच तर पंचाईत होती.

त्यामुळे आठ महिन्यांनी एका रविवारी त्या येऊन सांगू लागल्या, की कंपनीनं त्यांना असं काही शिकायला पाठवलंय ज्यात सल्ला द्यायलाच मनाई आहे, तेव्हा मला वाटलं, त्यांना कसली तरी शिक्षाच झाली असणार.

अक्का एका सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रशिक्षण विभागात होत्या. तिथली पोरं भराभर साहेब होत होती आणि हाताखालच्यांशी कसं बोलावं हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून कुणी परदेशी बाई हे शिकवायला आल्या होत्या.

“कोचिंग म्हणतात त्याला,” अक्का म्हणाल्या.

“म्हणजे क्लास? बारावीला लावतात तसा?”

“अय्यो, नाही हो वहिनी. क्लासात शिकवतात. इथे शिकवायचं नाही, सांगायचं नाही. विचारायचं आणि ऐकायचं. उत्तर समोरच्यानं स्वतः काढायचं.”

“त्याला नाही सापडलं तर?”

“तर आणखी विचारायचं.”

“आणि तुम्हाला ते आधीच माहीत असलं तर?”

अक्कांनी उपासाच्या दिवशी भजी तळणाऱ्या बाईसारखा चेहरा केला. “तर गप्प बसायचं,” त्या म्हणाल्या.

सरावासाठी त्यांना एक माणूस हवा होता. दर रविवारी तासभर, असे काही रविवार. त्या माणसापाशी एखादा खराखुरा प्रश्न हवा. माझ्यापाशी तो होता. पुण्याच्या दिरांनी त्यांच्या घरातली वरची खोली माझ्यासाठी रिकामी करून ठेवली होती आणि महिनाअखेर ते टेम्पो घेऊन मला न्यायला येणार होते. इकडे ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी सहायक होते, तिथले ग्रंथपाल निवृत्त होत होते आणि प्राचार्यांनी ती जागा मला देऊ केली होती. पुस्तकांचं भय नव्हतं. ग्रंथपालाला सभांमध्ये बोलावं लागतं, त्याचं होतं. जावं की राहावं हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या रविवारी अक्का वही-पेन्सिल घेऊन आल्या, एक प्रश्न विचारला आणि थांबल्या. शांतता मोडायची नाही, असं त्यांना शिकवलं होतं. पण गप्प बसण्यात मला त्या गल्लीत कुणी हरवलं नसतं. अक्कांच्या कपाळावर घाम आला. मला दया यायला हवी होती. त्याऐवजी वेगळंच काही सुचलं.

“मला वाटतं, ह्यांची सगळी पुस्तकं रद्दीत घालावीत,” मी म्हटलं.

अक्कांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “त्यानं... काय साधेल?” त्यांनी कसंबसं विचारलं.

दुसऱ्या रविवारी मी आणखी पुढे गेले. “दागिने ट्रंकेत घालून ट्रंक टेम्पोतून पुढे पाठवते. मी मागाहून रेल्वेनं जाईन.”

“स्वल्प थांबा हं,” म्हणून अक्का उठल्या आणि मागच्या दारी गेल्या. तिथे कढीपत्त्याचं झाड होतं. खिडकीतून मला स्पष्ट ऐकू आलं. “दागिने कुणी ट्रंकेत घालतं का! कमरेला बांधायचे, पिशवीत शिवून!” मग त्या पदर सारखा करत आत आल्या, बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “हां. आणखी कोणते मार्ग दिसतात तुम्हाला?”

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि पोट दुखेपर्यंत हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच. मग ज्याला हे सांगावं तो माणूस नाही, हे आठवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

मात्र ह्या खोडीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी मूर्खासारखं बोलत होते तरी अक्का ते शेवटपर्यंत ऐकत होत्या. दुखवट्याच्या घरात लोक तुमचं वाक्य अर्ध्यावर उचलतात आणि स्वतःच पुरं करतात. तिसऱ्या रविवारी मी थट्टा कमी केली. नकळत बरंच बोलले.

चौथ्या रविवारी अक्कांनी वही उघडली. “वहिनी, तुम्ही बोललात ते जसंच्या तसं लिहिलंय. वाचू?”

त्यांनी वाचलं. ‘ह्यांना पुण्याला जायचं होतं.’ ‘ह्यांना ती गच्ची आवडायची.’ ‘भावजींना वाईट वाटेल.’ ‘हे असते तर त्यांनी असंच केलं असतं.’ असं पान दीड पान. मग त्यांनी वही मिटली.

“ह्यात तुमचं असं काहीच नाही. पुस्तकं रद्दीत घालायची, तेवढं तुमचं. आणि ते खोटं होतं.”

“तुम्हाला कळत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. कळलं म्हणून सहन होतं असं नाही. सरी, आता खरं विचारते. पुण्याला जायचं तुम्ही दोघांनी ठरवलं होतं, की त्यांनी?”

मी सावकाश बोलते, लिहितेही सावकाशच. पण त्या दिवशी लागला इतका वेळ मला कधी लागला नसेल. दर दिवाळीला पुण्याला गेलो की हे मला भावजींच्या गच्चीवर नेत. निवृत्तीनंतर कुंड्या इथे, टेबल तिथे, असं दाखवत. मी मान हलवत असे. नऊ वर्षं हलवली. मला बंगळूर सोडायचं नव्हतं, पण निवृत्ती लांब होती. सांगू कधीतरी, असं मी धरून चालले होते.

“आता राहिले,” मी म्हटलं, “तर त्यांच्या पाठीमागे भांडण जिंकल्यासारखं होईल.”

हे वाक्य माझ्या पोटात आहे हे मला माहीत नव्हतं. बाहेर पडलं तेव्हा अक्कांइतकंच मीही ते पहिल्यांदा ऐकलं.

अक्कांपाशी सल्ला तयार होता. त्यांचे ओठ हललेलेसुद्धा मी पाहिले. पण ह्या वेळी त्या मागच्या दारी गेल्या नाहीत. पेन्सिल मुठीत घट्ट धरून माझ्यासमोर बसून राहिल्या. वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मग त्यांनी विचारलं, “ते असताना सांगितलं असतंत, तर ते काय म्हणाले असते?”

मला त्यांचा आवाजच ऐकू आला. “म्हणाले असते, ‘अगं, मग नऊ वर्षं मुंडी काय हलवत होतीस?’”

आणि मी हसायला लागले, आणि रडायला. अक्काही. कोचनं रडायचं असतं का, ते मी विचारलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, “पुण्याला कधी कळवणार?”

“उद्या.”

“किती वाजता?”

“हेही कोचिंगमध्ये येतं?”

“येतं,” अक्का म्हणाल्या. खरंच येतं की नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये उभी होते. “वहिनी, टेम्पो ठरलाय,” भावजींनी सुरुवात केली. “कपाटं आणू नका, जिन्यातून चढत नाहीत. आणि गाद्या...”

त्यांचं पुरं होऊ दिलं. मग म्हटलं, “भावजी, मी येत नाहीये. ग्रंथपालाची जागा घेतेय.”

“असं कसं! एकट्या, परक्या मुलखात...” तेही पुरं होऊ दिलं. समजूत काढायची माझी जुनी सवय जिभेवर आली होती. ती गिळून मी विचारलं, “मी आले नाही, तर तुम्हाला सगळ्यात जड काय जाईल?”

पलीकडे इतकं शांत झालं की लाइन तुटली असं वाटलं. बाहेरचा माणूस काचेवर टिचकी मारू लागला. मी थांबले.

“दादाला मी शब्द दिला होता,” भावजी म्हणाले. “दवाखान्यात. तुम्हाला सांभाळीन म्हणून.”

“तो तुम्ही पाळलात. आठ महिने दर आठवड्याला पत्र आलंय.”

मग हलक्या आवाजात ते म्हणाले, “खरं सांगू? धाकट्या पोरीची बारावी आहे. वरच्या खोलीत अभ्यास करायची, ती गेली म्हणून रोज रडते. काल मी ओरडलो तिच्यावर.” आणि मग, ज्या माणसानं उभ्या आयुष्यात मला कधी काही विचारलं नव्हतं, त्यानं विचारलं, “वहिनी, काय करू मी?”

इथे खरं तर मी उलट प्रश्न विचारायला हवा होता. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“खोली तिला द्या,” मी म्हटलं. “टेबल खिडकीपाशी ठेवा, उजेड डावीकडून येऊ दे. आज तिला घेऊन बाहेर जेवायला जा. आणि टेम्पोवाल्याला आत्ता कळवा, सकाळी नको.”

सल्ला देण्यात इतकं सुख असतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.