पाठीला कान लावणाऱ्या नर्सबाई

आमच्या गावच्या नर्सबाई आधी लेकराच्या पाठीला कान लावायच्या आणि मग नाव विचारायच्या. गळ्यात नळी असायची, पण ती मोठ्या माणसांसाठी. लेकरू समोर आलं की डोक्यावरचा पदर मागे सारायचा, कान उघड्या पाठीवर टेकवायचा आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावरच्या बायकासुद्धा बोलायच्या थांबत. तो कान मला अजून आठवतो. गार असायचा, आणि त्यातली कुडी टोचायची.

मी सध्या जालन्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे काही लिहायचं म्हटलं की आपल्याला जमेल का, अशी शंका येते. पण नर्सबाईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

मंठ्याच्या पुढे आमचं गाव. तिकडे दमा हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही, कारण तो बाहेर गेला की ठरलेली सोयरीक मोडते. म्हणून लोक म्हणतात, सर्दी खोल जाते, थंडी बाधते, धुरळा सोसत नाही. डॉक्टरने दिलेला श्वासाचा पंप ज्वारीच्या कोठीत लपवणारी घरं मला माहीत आहेत. पोराला धाप लागली की आधी कोठीत हात घालून पंप शोधायचा. नर्सबाई यावर फार चिडायच्या. "चष्मा लपवता का तुम्ही? मंग पंपच काहून लपवता? भिंतीतल्या दिवळीत ठेवा, लेकराचा हात पुरंल तिथं."

त्या स्वतःही कधी 'तुमच्यात दमा आहे का' असं सरळ विचारत नसत. चहा घेत, इकडचं तिकडचं बोलत आणि मध्येच विचारत, तुमच्या घरात भिंतीला टेकून कोण झोपायचं? तूर झोडायला कोण जात नव्हतं? लहानपणी अंगाला खाज कुणाला होती, उठल्या उठल्या शिंका कुणाला? लोक मोकळेपणी सांगत, कारण या दम्याच्याच खुणा आहेत हे त्यांना कळतच नसे. अशा विचारपुशीतून आसपासच्या कितीतरी घरांच्या तीन-तीन पिढ्यांचा श्वास नर्सबाईंच्या डोक्यात साठला होता. कुठे लिहिलेला नव्हता.

मी दुसरीत होते तेव्हाची गोष्ट. त्या हिवाळ्यात मला सारखी धाप लागायची. माझ्या मामाला दमा होता आणि तो काही लपून राहिलेला नव्हता. त्यामुळे आज्जीने, म्हणजे वडिलांच्या आईने, निकाल लावून टाकला की हे आईच्या माहेरचं दुखणं. आईला तेव्हा दिवस गेले होते. दुसरं लेकरूही असंच निघणार, असं आज्जी येता-जाता बोलायची. शेवटी तिने मामाला निरोप धाडला, बहिणीला घेऊन जा आणि परत आणून सोडू नका. वडील शेतावर निघून गेले. आईने साड्यांचं बोचकं बांधलं. मी कुणाकडे राहणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

मामा यायच्या आदल्या दिवशी नर्सबाई आईला तपासायला आल्या. बोचकं त्यांनी पाहिलं असणार. जय भीम करून त्या आज्जीजवळ बसल्या, कापूस वेचणीचं बोलल्या आणि मग सहज माझ्या आजोबांचा विषय काढला. आजोबा माझ्या जन्माआधीच वारले होते. त्यांचं नाव निघालं की आज्जी खुलायची.

"लई थाटाचा माणूस," ती म्हणाली. "खळ्यावर पाय ठेवला न्हाई कधी. धुरळ्यानं कपडे खराब होत्यात म्हनायचे. आन झोपायला तीन उशा लागायच्या. समदं गाव नवाब म्हनायचं त्यांना."

"तीन उशांवर बी पुरते आडवे होत नसतील," नर्सबाई म्हणाल्या.

आज्जी थांबली. "तुला कसं ठाव?"

"मावशी, तो थाट नव्हता. त्यांना दम पुरत नव्हता. ह्या पोरीला दोन्हीकडून आलंय, तिकडून बी अन् तुमच्याकडून बी. मंग एकट्या सुनेच्याच पदरात कसं टाकता?"

आज्जीने हातातली कपबशी खाली ठेवली. चहा निवून गेला. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "इतकी वर्सं संसार केला. सांगितलं न्हाई त्यांनी कधी."

दुसऱ्या दिवशी मामा आला. आज्जीने त्याला जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं. आईचं बोचकं तिने स्वतः सोडलं. उन्हाळ्यात भाऊ झाला. त्याला आजवर धाप लागलेली नाही.

मागच्या वर्षी कॉलेजात आनुवंशिकता शिकताना मला हे सगळं आठवत राहिलं. तास संपल्यावर मी सरांना दबकत विचारलं. ते म्हणाले, दम्याचं एकच एक जनुक नसतं. थोडा थोडा वाटा असलेली पुष्कळ जनुकं असतात, ती आई-बाप दोघांकडून येतात, आणि त्यांच्यातून येतो तो फक्त धोका. पुढे धूर, धूळ, लहानपणीची आजारपणं यांवरही बरंच ठरतं. मी बाकावर बसूनच राहिले. यातला निम्मा धडा आमच्या घरात चहा पिता पिता शिकवून झाला होता.

निवृत्तीनंतर नर्सबाई इथे जालन्यातच मस्तगडला लेकीकडे राहतात. मी पत्ता विचारत विचारत गेले. आज्जीचं नाव सांगितल्यावर त्यांनी मला ओळखलं. मी वही उघडून सगळं समजावलं. बापापेक्षा आईला दमा असेल तर धोका जरा जास्त धरतात, हेही लपवलं नाही.

"ते तुझ्या आज्जीला सांगू नको," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी त्या दिवशी बराबर बोलले होते?"

मला वाटलं, थट्टा करतायत. तुम्हाला माहीत नव्हतं का, असं मी विचारलं.

"दमा ओळखू यायचा. पण कुणाकडून किती येतो, ते मला कोण शिकवणार? बिलकुल ठाऊक नव्हतं." त्या माझ्या वहीवर हात ठेवून बोलत होत्या. "तुमच्या आधी एका घरी असंच झाल्तं. तिथं सासऱ्याचं दुखणं माझ्या ध्यानात आल्तं. पण पक्कं माहीत न्हाई तर कसं बोलावं, म्हणून गप बसले. ती सून माहेरी गेली ती परत आली न्हाई. लेकरू इकडंच राहिलं. म्हणून तुमच्या घरी म्हटलं, चुकले तर चुकले."

मी वही मिटायला लागले, तर त्यांनी हात काढला नाही.

"तिच्या माहेरचं गाव म्हाईत हाये मला," त्या म्हणाल्या. "येशील का संग? हे तिला वाचून दाखव."

मी हो म्हणायच्या आत त्या उठून चपला शोधू लागल्या होत्या.