ठिपक्यांची माणसं आणि मंगलताई

मंगलताईंशी माझी ओळख एका भांडणामुळे झाली. भांडण माझ्याशी नव्हतं. खरं तर ते कुणाशीच नव्हतं. नगरला सावेडीत आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आल्या होत्या. रविवारी सकाळी मी पेपर उघडून बसलो होतो, तेवढ्यात वरून खणखणीत आवाज आला, "आगं बया! राक्षस वेशीपतूर आला आन् तू तलवारीचा भाव एक पैसा उतरवीना? गावच न्हाई उरलं तर दुकान कुनाला दाखवशील?"

मी धावत वर गेलो. बाई एकट्याच कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, हातात कपबशी, आणि पडद्यावर चौकोनी ठिपक्यांची, बोटाच्या पेराएवढी एक दुकानदारीण. "या, बसा," त्या म्हणाल्या. "ही लई खट हाय. हिला इंग्रजीत बोलती करायचीय."

मंगलताई शिंगणापूरच्या शेतकरी घरातल्या. पुण्याला राहून जपानी शिकल्या आणि इकडे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून निवृत्त होईपर्यंत राहिल्या. जपानी बोलताना त्या इतक्या अदबीने बोलायच्या की समोरच्याने आपसूक वाकावं. मराठी मात्र त्यांनी शिवारातून आणली तशीच ठेवली होती. "ती शिकाया पैसं न्हाई पडलं, मग बदलायची कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

त्याच कारखान्यात ओकुदा नावाचे एक जपानी इंजिनिअर होते. तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने घरच्या कॉम्प्युटरवर एक खेळ तयार केला होता. खेळणाऱ्याने वाटसरू व्हायचं, गावोगाव फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, कुणाचं अडलेलं काम करून द्यायचं आणि शेवटी राक्षस मारायचा, अशा जुन्या धाटणीचा. चित्रं आणि गणित ओकुदांचं, माणसांची बोलणी भावाची. भाऊ पुढे वारला. ओकुदांची मुलगी कॅनडात स्थायिक झाली आणि तिच्या लेकीला, हानाला, इंग्रजीशिवाय काही वाचता येत नव्हतं. त्यात ओकुदांची नजर अधू होत चाललेली. ती पुरती जायच्या आत नातीला हा खेळ खेळताना बघायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी जपानहून मंगलताईंना फोनवर सांगितली. ताईंनी हो म्हटलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो हे कळताच मलाही त्यांनी कामाला जुंपलं.

त्यांची कामाची रीत मी जन्मात पाहिली नव्हती. जपानी वाक्य वाचून झालं की त्या डोळे मिटायच्या. "आधी मानूस हुबा ऱ्हाऊ द्या, सर. वाक्य पळून जात न्हाई." मग तो माणूस त्यांना आपल्या मुलखात कुठेतरी सापडायचा. त्याचं वाक्य त्या त्याच्याच ठसक्यात मराठीत म्हणून बघायच्या आणि मगच इंग्रजीला हात घालायच्या. खेळातला नावाडी होडी भरल्याशिवाय सोडत नाही, असं आल्यावर त्या टाळी देऊन हसल्या. "आवं, हा तर आपला पाथर्डीचा जीपवाला! 'आजून दोन शिटा येऊ द्या, लगीच निघतो!'" मी पाथर्डीचा. त्या जीपमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलेलं. मलाच इतकं हसू आलं की ते इंग्रजी वाक्य मी एका झटक्यात लिहून टाकलं. औषधं विकणारी बाई त्यांनी तिसगावच्या बाजारातून उचलली. आधी बोटाने चव दाखवणारी आणि मग भाव सांगणारी. मी व्याकरणाचं शेपूट धरून बसलो की ऐकवायच्या, "तुमचं बराबर हाय, पर ती आशी बोलनार न्हाई."

सगळी वाक्यं झाली. ओकुदांच्या जावयाने ती खेळात बसवली आणि हाना खेळायला लागली. जपानात बसलेल्या ओकुदांना तेव्हा तिचा पडदा फोनवर धूसर का होईना, पण दिसत होता. पोरगी झपाट्याने पुढे गेली आणि डोंगरातल्या एका गावात जी अडकली ती अडकलीच. सगळ्यांशी बोलून झालं, घरंदारं पालथी घालून झाली, पुढची वाट काही सापडेना, पण आजोबांना विचारायचं नाही हा तिचा हट्ट. कंटाळून तिने खेळ बंद ठेवला.

घोळ मंगलताईंनीच मूळ जपानी वाक्यं पुन्हा वाचून शोधून काढला. त्या गावात एक म्हातारी आहे. वाटसरू घरात आला की ती म्हणते, आमचं दार लावलेलं नाही. आता ताईंचं गाव कुठलं? शनीचं शिंगणापूर, जिथे घरांना दारं बसवायचीच नाहीत अशी जुनी रीत. दार नसणं ही त्यांना जन्मापासून अंगवळणी पडलेली, भरवशाची गोष्ट. त्यांनी म्हातारीच्या तोंडी अगदी मायेने घातलं होतं: ये बाळा, आमचं घर सगळ्यांना मोकळं आहे. हाना बिचारी आभार मानून पुढे निघून जायची. पण खेळातल्या त्या डोंगरातल्या गावात रीत अशी, की घरातलं माणूस बाहेरून परतलेलं नसेल तर दार लावायचं नाही. म्हातारी स्वागत करत नव्हती. घरातलं कुणीतरी डोंगरात हरवलंय, ते शोधून आण, असं विनवत होती.

ताई म्हणाल्या, "म्हातारी रडत हुती, सर, आन् मी तिला हसाया लावलं."

मी म्हणालो, "एक वाक्य तर आहे. बदला आणि आजच पाठवून द्या. ओकुदांच्या डोळ्यांना वेळ नाही."

"एका घरात माझं गाव शिरलं. बाकीच्या घरांत शिरलं नसंल कशावरून?"

त्या पुन्हा पहिल्या गावापासून निघाल्या. एकेका माणसाला परत उभं करायचं, तू खरंच असा आहेस का विचारायचं. जीपवाला नावाडी टिकला, तिसगावची बाई गेली. मला आवडलेली कितीतरी वाक्यं त्यांनी मन घट्ट करून पुसली. मी चिडलो, दोन दिवस वर गेलोही नाही. पण त्यांच्याएवढा मान मी कुठल्याच भाषांतरकाराला दिला नाही, तो या हट्टापायी. केवळ ठिपक्यांच्या माणसांशी कोण इतकं इमान राखतं?

काम संपलं तेव्हा ओकुदांची दृष्टी पूर्ण गेली होती. ताईंना ते फार लागलं. "सबूद पाळला पन उशिरा पाळला," एवढंच बोलल्या. मग त्यांनीच तोड काढली. एका सकाळी तिघांचा फोन जोडला. तिकडे हाना पहिल्या गावापासून खेळायची, इंग्रजी वाक्यं मोठ्याने वाचायची, आणि ताई ती ओकुदांना जपानीत सांगायच्या. ओकुदांना इंग्रजी जेमतेमच येत होतं. समोर कागद नव्हता; भावाची मूळ वाक्यं ताईंना तोंडपाठ झाली होती. दुकानदारीण आली की दुकानदारीण व्हायच्या, नावाडी आला की नावाडी. पलीकडून ओकुदांचं हसू ऐकू येई. मी शेजारी बसलेला. ताई मधूनमधून हलक्या आवाजात मला मराठीत सांगायच्या.

हाना म्हातारीच्या घरी पोचली. तिने वाचलं: आमचं दार लावलेलं नाही, घरचं माणूस यायचंय. ताईंनी ते सांगितलं. ओकुदांचं हसू थांबलं.

हानाने विचारलं, "आजोबा, कोण यायचंय घरी?"

दुभाष्याने नेहमी दुसऱ्याचं 'मी' आपल्या तोंडी घ्यायचं असतं. ओकुदा बोलले तसं ताई इंग्रजीत म्हणाल्या, "माझे वडील. ते मासे धरायला गेले, ते परत आलेच नाहीत. आईने दार लावू दिलं नाही. माझ्या भावाने ते खेळात घातलं, फक्त समुद्राच्या जागी डोंगर ठेवला. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही."

पोरगी म्हणाली, "फोन ठेवू नका. मी आणते त्यांना."

ती डोंगरात गेली. बराच वेळ नुसते बटणांचे आवाज येत राहिले. ओकुदा थांबले, ताई थांबल्या. मग हाना ओरडली, सापडले! त्या माणसाला घेऊन ती गावात उतरली, म्हातारीच्या घरात शिरली. इथे मात्र वाचायला वाक्यच नव्हतं. भावाने तिथे म्हातारीला काहीच बोलायला दिलं नव्हतं.

ओकुदांनी विचारलं, "आता आई काय करते आहे?"

ताईंनी ते हानाला इंग्रजीत विचारलं. हाना म्हणाली, "ती दार लावते आहे."

मंगलताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि आवाज जराही हलू न देता ओकुदांना ते जपानीत सांगितलं.