हुलग्याचं कळण

पोटाच्या ऑपरेशननंतर आईची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, "अंगात प्रथिनंच नाहीत. अंडी, मटण सुरू करा." आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिने ती नुसती चाचपली आणि तोंड फिरवलं. पनीर तिला रबरासारखं लागायचं. शेवटी गाडी हुलग्यांवर आली.

घोटावड्यातल्या आमच्या घरात हुलग्यांना कधीच तोटा नव्हता. हिंजवडीला ऑफिसला निघण्याआधी मी कुकर लावायची. संध्याकाळी विचारलं की ती म्हणायची, "घेतलं की." भांडं रिकामं असायचं, जखम मात्र तशीच ओली. मला डॉक्टरांचाच राग यायला लागला.

एका रविवारी मी घरी होते. आईने उकडलेले हुलगे निथळले, खालचं पाणी म्हणजे कळण मीठ-जिरं घालून चवीने प्याली आणि दाणे म्हशीच्या पाटीत ओतले.

"अगं, खायचं ते म्हशीला घातलंस?"

"येडी हायस का? कस समदा कळणात उतरतो. मागं ऱ्हातो त्यो चोथा."

"कुणी सांगितलं तुला?"

"सासूबाईंनी. माझ्या बाळंतपणात दाणं बाप्यांच्या ताटात, अन् कळण माझं. लई माया व्हती त्यांची."

माया कसली डोंबलाची! सगळ्यांना वाढून झाल्यावर सुनेला पाणीच उरायचं. पण आयुष्यभर जपलेली ती माया तिच्याकडून काढून घ्यायला माझी जीभ रेटेना. डॉक्टरांनी दाणेही खायला सांगितलेत, एवढंच मी म्हणाले. तिने ते कानाआड केलं.

पुढं मला ताप आला. आई भिंत धरत धरत आली आणि कळणाची वाटी माझ्यापुढं केली.

"तू पी. तुला ताकद पायजे."

"आणि तू?"

"मी चोथा खाती. मला चालतंय."

माझ्यासमोर बसून तिने ताटलीभर हुलगे खाल्ले. मला रडू येत होतं आणि आनंदही होत होता. ताप उतरला तरी मी अंथरूण सोडलं नाही. रजा वाढवली, कण्हत राहिले, रोज कळण मागत राहिले.

पण फार उशीर झाला होता. जखम चिघळत गेली आणि आई वाचली नाही. शेवटच्या दिवशी भेटायला आलेल्या थोरल्या वहिनीचा हात धरून ती माझ्याबद्दलच सांगत होती, "हिला कळण देत जा. पोरगी काय सावरंना."