हमीदच्या घराचं दार

दार उघडं दिसलं आणि राजन खांबेटे बोलता बोलता गप्प झाला. एरवी या दारासमोर आला की गडी थांबायचं नाव घ्यायचा नाही. आखातातल्या अल ऐन गावाच्या जुन्या भागातलं, खजुरीच्या बागेला खेटून असलेलं हे मातीचं घर म्हणजे त्याचा हुकमाचा एक्का, आणि त्याचं दार कायम बंद असायचं.

त्र्याऐंशी साली राजन इथल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून आला. तेव्हापासून देशातून कुणीही येवो, जेवण बायकोचं, अनुपमाचं, आणि गाव राजनचं, अशी घरात वाटणीच होऊन गेली. आधी किल्ला, मग उंटांचा बाजार, मग बागेतले पाण्याचे पाट आणि शेवटी हे दार. "दुबई काय, कुणीही दाखवेल. हे माझं गाव आहे," असं पाहुण्यांना ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लेक अवनी तर आताशा गाडीतून उतरायचीच नाही. "बाबा, नॉट दॅट डोर अगेन," म्हणून मोकळी व्हायची.

दारापाशी सांगायची गोष्ट ठरलेली. इथं हमीद राहायचा. राजनला खोली मिळेना, तेव्हा या माणसानं ना ओळख ना पाळख, त्याला घरात ठेवून घेतलं. पोरगा मांस खात नाही म्हणून बायकोला, हलिमाला, रोज वेगळी डाळ शिजवायला लावली. तरुणपणी मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचा, मराठीही बरीच समजायची. पुढं नवे व्हिला झाले, जुनी वस्ती तिकडं गेली, हमीदही गेला. इथं राजन आवाज खाली आणायचा. "आता कुठं असेल कोण जाणे. असेल की नसेल, तेही माहीत नाही." पाहुणे हळहळायचे, दाराची कडी वाजवून बघायचे, फोटो काढायचे आणि खलास, यल्ला, चला गाडीत. एकदा व्हिलाकडं जाऊन चौकशी करावी असं राजनच्या मनात यायचं. पण नोकरी, पोरीची शाळा, नवे पाहुणे, राहून जायचं ते राहूनच जायचं.

आजचा पाहुणा मात्र साधासुधा नव्हता. वसंता, पुण्याचा कॉलेजमित्र. राजन निघाला तेव्हा स्टेशनावर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "जा बाबा, पण तिकडं वाळवंटात तुला कुत्रं विचारणार नाही." अठरा वर्षं हे वाक्य राजनच्या घशात काट्यासारखं अडकून बसलेलं. आज ते वसंताला परत गिळायला लावायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. सकाळपासून भेटेल त्या दुकानदाराला, पोलिसाला सलाम ठोकून तो वसंताकडं चोरून बघत होता.

आणि आता दार सताड उघडं. बाहेर चपलांचा ढीग, गल्लीत गाड्यांची रांग.

"म्युनिसिपालटीनं म्युझियम केलेलं दिसतंय," राजन म्हणाला. त्याची छाती इंचभर फुगली. "बघ, आपल्या घराची शेवटी किंमत कळली यांना. चल, आत चल. पहिल्यांदाच आतून दाखवतो तुला."

आत भिंतीला धरून पांढऱ्या पायघोळ अरबी झग्यातली माणसं बसली होती. एकानं मुकाट्यानं खजूर पुढं केले, कॉफी ओतली. वसंताची बायको सुलक्षणा दिसताच एक पोक्त बाई तिला हात धरून आतल्या बाजूला घेऊन गेली.

"तिकीट नाही, वर खायलाप्यायला?" वसंता हसत म्हणाला. "मानलं बुवा तुझ्या गावाला." त्यानं कॅमेरा उचलला आणि फ्लॅश पडला.

सगळ्या माना वळल्या. तेवढ्यात मधला एक तरुण उठला, सरळ राजनकडं आला आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला. तो इद्रीस होता, हमीदचा मुलगा. राजननं त्याला शाळेची बॅग घेऊन पळताना पाहिलेलं.

"राजनभाई, आप आ गए," इद्रीस बापासारख्याच हिंदीत म्हणाला. "अब्बा परसों चले गए."

राजनला तोंडातला खजूर ना गिळता येईना, ना थुंकता येईना. आपण सुतकात शिरलोय, हसलोय, फोटो काढलाय. मागं वसंतानं कॅमेऱ्यावर हात धरला होता, जणू तो झाकला की काढलेला फोटो पुसला जाणार होता.

"पण तुम्ही तर... नवीन व्हिला..." राजन कसाबसा हिंदीत म्हणाला.

"वहाँ उनका दिल नहीं लगा. दोन वर्षं झाली परत आणून. चालता येत नव्हतं. आम्ही बागेकडच्या दारानं जा-ये करायचो." इद्रीसनं दाराच्या लगतची छोटी खोली दाखवली. खाट अजून तिथंच होती, भिंतीला चिकटून, खिडकी गल्लीत. "इथं पडून असायचे. तुमचा आवाज यायचा."

राजननं त्या खिडकीतून गल्लीत पाहिलं.

"पूरा सुनते थे. डाल वाला किस्सा भी. तुम्ही म्हणायचा ना, असेल की नसेल? त्यावर हसायचे. म्हणायचे, लो, आज फिर मार डाला मुझे."

"मग हाक का नाही मारलीत?" राजन म्हणाला. "एकदा तरी. अरे, मी दाराशीच उभा असायचो."

"मी उठायचो दार उघडायला. ते हात धरून बसवायचे." इद्रीस डोळे पुसत म्हणाला. "म्हणायचे, बैठ, उसके साथ मेहमान हैं. सबके सामने झूठा पड़ जाएगा बेचारा. अकेला आएगा, तब खोलना."

दोन वर्षांत राजन या दाराशी किती वेळा आला होता, पण एकटा कधीच आला नव्हता. आजसुद्धा त्याच्या मागं वसंता उभा होता.